चौथ्या फाट्यावरचं पाणी

टक, टक, टक. आणि मग काहीच नाही.

दुपारची वेळ. गल्लीतली कुत्रीसुद्धा ओट्यांच्या सावलीला पडलेली. जेवणं आटोपून ऋतुजा स्वयंपाकघरातल्या भिंतीला पाठ लावून बसली होती, आणि घर इतकं गप्प होतं की माठाखालच्या वाटीत पडणारा थेंब ऐकू यावा. त्या शांततेत पाच वर्षांच्या शिवांगीनं चमचा उलटा धरून स्टीलच्या ताटलीवर वाजवला होता. टक, टक, टक. चौथ्या ठोक्याला तिनं चमचा हवेतच धरून ठेवला, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"काय करायलीस गं शिवू?"

"आपली गाडी," शिवू म्हणाली. "अशीच म्हणती ती."

ऋतुजाला हसू आलं, आणि ते अर्ध्यातच विरलं. पोरीनं ठोका अगदी बरोबर धरला होता.

गाडी म्हणजे ऋतुजाच्या नवऱ्याची, राजशेखरची पिकअप. हदगावच्या एका कापूसवाल्याकडून दोन वर्षांमागं घेतलेली, तेव्हाच पंधरा वर्षं जुनी. पांढरा रंग दाराच्या कडांना साबुदाण्यासारखा फुगून आलेला, डाव्या आरशाला सुतळी. पण इंजिन असं की राजशेखर मित्रांना बोलावून ऐकवायचा. पहाटे निलंग्यातून भाजीचे क्रेट भरायचे, लातूरच्या बाजारात उतरवायचे आणि येताना किराणा घेऊन यायचा, हा त्याचा रोजचा रस्ता. दोन वर्षांत गाडीनं कधी कुरकुर केली नव्हती.

कुरकुर सुरू झाली ती त्या बुधवारी. त्या दिवशी गाडीत क्रेट नव्हते. ऋतुजाला लातूरला डॉक्टरीणबाईंकडं न्यायचं होतं.

नववा आठवडा असावा असा तिचा हिशेब होता. बाईंनी पडद्याकडं बराच वेळ पाहिलं, यंत्र इकडून तिकडं फिरवलं, आणि मग फार सांभाळून बोलल्या. "गर्भ जागेवर आहे. ठोका मात्र अजून दिसत नाही. कधीकधी दिवस मोजण्यात फरक पडतो. दहा दिवसांनी परत या, तेव्हा नक्की काय ते सांगते. तोवर डोक्यात काही घेऊ नका."

डोक्यात काही घेऊ नका! मागच्या वर्षी याच टेबलावर, याच पंख्याखाली तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं. बाहेर येऊन तिनं राजशेखरला एवढंच सांगितलं, "दहा दिवस थांबायचंय." तिच्या हातातली पिशवी घेऊन त्यानं स्वतःच्या खांद्याला लावली, तेवढंच.

येताना लामजन्याची पाटी मागं पडली आणि गाडी हिसका खायला लागली. तीन ठोके नीट, चौथा गायब.

"मिस मारायलंय," राजशेखर म्हणाला. "डिझेलमधी कचरा आला असंल."

ऋतुजाचाही कान तिथंच होता. तिचे वडील ईश्वरप्पा यांची औरादला पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनवरची. पट्टा कधी सुटणार, पाणी कधी संपणार हे तिला लहानपणी पाटीवर अभ्यास करता करता आवाजावरून कळायचं. इंजिनाचं दुखणं म्हणजे कारण असलेलं दुखणं, असं अप्पा म्हणायचे. हवा, डिझेल आणि दाब, या तिघांतलं काहीतरी कमी असतं. ते शोधायचं आणि भरून द्यायचं. तिला ते फार पटायचं. पुढं बी.एस्सी. करतानाही जगाचं सगळंच असं असावं, असं तिला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नजीरभाईच्या गॅरेजला नेली. घरी बसून छताकडं बघण्यापेक्षा बरं म्हणून ऋतुजाही गेली, शिवूला घेऊन. नजीरभाई पन्नाशीचा माणूस, पायजमा घोट्याच्या वर, कानामागं कायम एक खडू. ऋतुजाला बघून त्यानं फळी पुसून दिली.

"बसा भाभी. गिरणीवाल्याची लेक आलीय म्हणल्यावर आता चूक करता यायची न्हाई."

त्यानं बोनट उघडलं, इंजिन चालू केलं, आणि पाना घेऊन एकेका नोझलला डिझेल नेणाऱ्या नळीचा नट जरासा सैल करत गेला. पहिला सैल केला, इंजिन अडखळलं. पुन्हा आवळला. दुसरा, तसंच. तिसरा, तसंच. चौथा सैल केला, नळीतून डिझेल उडालं, पण इंजिनाच्या आवाजात केसाचाही फरक पडला नाही.

"ह्यो बघा झोपलेला," नजीर म्हणाला. "ज्याला काढल्यावर फरक पडत न्हाई, त्योच बंद."

मग त्यानं शिवूला जवळ बोलावलं. इंजिनाच्या कुशीला बिडाचा एक जाड नळ होता, डिझेल पेटतं त्या चारही खान्यांतला धूर बाहेर नेणारा, चार फाट्यांचा. नजीरनं बाटलीच्या टोपणात पाणी घेतलं आणि बोटांनी एकेका फाट्यावर शिंपडलं. चर्र. चर्र. चर्र. चौथ्यावर पाणी पडलं आणि तसंच राहिलं, पानावरच्या थेंबासारखं.

"बघ बेटा. जो पेटतो त्यो गरम. गार म्हणजे बंद. डॉक्टरला पैसे द्यायची गरजच न्हाई."

"परत करा!" शिवू म्हणाली.

त्या दिवशी नजीरनं गाडी संध्याकाळपर्यंत ठेवून घेतली. चौथा नोझल दुसऱ्या जागी बसवला, दुसरा चौथ्या जागी. नोझल खराब असता तर दोष त्याच्याबरोबर सरकला असता. सरकला नाही. दाब मोजला, चौघांचा सारखा. नळी फुंकून पाहिली, साफ. तिघं घ्यायला आले तेव्हा राजशेखरला काय सांगावं हे त्याला सुचेना, म्हणून तो ऋतुजाशीच बोलला.

"सगळं हाय भाभी. डिझेल येतंय, हवा दाबली जातीय, नोझल फवारा मारतोय. जागच्या जागी सगळं. पेटत तेवढं न्हाई." कपाळावरचं काळं त्यानं कोपरानं पुसलं. "तीस वरसं झाली हे करून राहिलो. असं पयल्यांदा बघतोय."

ऋतुजानं शिवूचा हात घट्ट धरला. जागच्या जागी सगळं. कालच कुणीतरी हेच सांगितलं होतं, वेगळ्या शब्दांत.

शेवटी नजीरनं पंपातला एक पार्ट नांदेडच्या माणसाकडं सांगून ठेवला. यायला आठ-दहा दिवस लागणार होते. तोवर न जळलेलं डिझेल इंजिनात उतरून खराबी व्हायला नको म्हणून त्यानं चौथ्याची नळीच काढून टाकली. पंपाचं ते तोंड टाकीकडं परत वळवलं, नोझलच्या तोंडावर चिंधी बांधली, वरून लाल दोरा. "तीनवर चालवा. चढाला जरा रडंल, पण चालंल."

आणि काढलेली नळी त्यानं फडक्यात गुंडाळून ऋतुजाच्या हातात दिली. ही त्याच्या वडिलांपासूनची रीत. काढलेली वस्तू गाडीवाल्याच्या हातात द्यायची, मग ती कामाची असो वा नसो. गिऱ्हाईकाचा जीव त्यात असतो, असं तो म्हणायचा. वाकडीतिकडी, पेन्सिलीएवढ्या जाडीची लोखंडी नळी. घरी येऊन ऋतुजानं ती स्वयंपाकघरात डाळीच्या डब्यांमागं ठेवून दिली.

मग दिवस मोजणं सुरू झालं.

शिवूला नवा खेळ सापडला होता. टोपणात पाणी घेऊन ती घरभर फिरायची. तव्यावर थेंब, चर्र, "चालू!" लोखंडी पेटीवर थेंब, "बंद." शेगडी, भिंत, माठ, बापाचं टक्कल. राजशेखर ओरडायचा, "अगं, मी चालू हाय, चालू हाय!" आणि शिवू गंभीरपणे हात लावून बघायची. "हाव. पप्पा गरम हायत." ऋतुजाच्या दंडावर थेंब टाकून तिनं तिलाही पास केलं होतं.

पोटातल्या बाळाचं शिवूला सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं.

सातव्या दिवशी दुपारी राजशेखर झोपला होता आणि गाडी दारात उभी होती. ऋतुजा कपडे वाळत घालायला बाहेर आली. दोरीवरच्या ओल्या कपड्यांतून हात काढून तिनं तो बोनटवर ठेवला. का ठेवला हे तिलाही सांगता आलं नसतं. पत्रा उन्हानं तापलेला होता. गल्लीत कुणी नाही हे बघून ती वाकली आणि हळूच म्हणाली, "तू पेट बाई. तू पेटलीस की…"

पुढचं बोलली नाही. लाजच वाटली. बी.एस्सी. झालेली बाई मी, आणि गाडीशी सौदा करायलेय! तिनं रिकामी बादली उचलली आणि घरात आली. पण आत आल्यावरही ते अर्धं वाक्य पुरं होऊन तिच्या डोक्यात बसलेलं होतं. तू पेटलीस की तेही पेटेल.

नवव्या दिवशी ती पीठ मळत होती. बाहेरच्या खोलीतून ताटली वाजत होती. टक, टक, टक, टक. टक, टक, टक, टक.

"चुकलीस शिवू," ती आतून म्हणाली. "तीनच असतात."

"न्हाई. आता चार हायत."

"गाडी तर बंद हाय, तुला कसं कळलं?"

ताटली थांबली. मग शिवूचा आवाज आला, जरा वैतागलेला. "ऐकू येतंय की."

ऋतुजानं मळणं थांबवून कान दिला. माठाचा थेंब. दूर कुठंतरी ट्रॅक्टर. बाकी काही नाही. राजशेखर गाडी घेऊन आदल्या दिवशी दुपारी आला होता. आज फेरी नसल्यानं त्यानंतर ती चालूच झाली नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी तिघं निघाले. दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता, हवेत चांगलाच गारठा होता. राजशेखरनं किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली.

चारही ठोके. स्वच्छ.

राजशेखर हातातली किल्ली तशीच धरून ऐकत राहिला. मग त्यानं स्टिअरिंगवर थाप मारली. "बसवला की नजीरभाईनं पार्ट! परवा गाडी धुवायला त्याच्याकडंच ठेवली होती. बोलला न्हाई बेटा, गंमत करायलाय."

"नळी नेली असंल त्यानं घरून?"

"तूच दिलीस असंल की. नायतर शिवूकडून मागून घेतली असंल."

ऋतुजाला आठवेना. गेल्या दहा दिवसांत तिला पुष्कळ गोष्टी आठवत नव्हत्या. आणि खरं सांगायचं तर तिला विचारायचंच नव्हतं. गाडी पेटली होती. तिनं डोळे मिटले आणि चौथ्या ठोक्यामागून चौथा ठोका ऐकत राहिली. शिवू तिच्या मांडीवर बोटांनी तोच ताल धरत होती.

एक गोष्ट मात्र तिला जाणवली. थंडीच्या दिवसात पिकअपमध्ये पायांशी इंजिनाची ऊब येते. चौथा खाना अगदी केबिनला लागून, तिच्या पायांसमोर. आज त्या बाजूनं ऊब नव्हती. गार फरशीवर पाय ठेवावेत तसं काहीतरी पत्र्यातून वर येत होतं. तिनं साडीचा काठ पावलांवर ओढून घेतला.

दवाखान्यात नर्सनं पोटावर हात ठेवला आणि मागं घेतला. "ताई, लई गार पडलंय तुमचं पोट. उघड्या गाडीतून आलाव का?"

"न्हाई, केबिनमध्ये."

डॉक्टरीणबाईंनी यंत्र टेकवलं. पडदा ऋतुजाकडं वळलेला नव्हता. ती पंख्याच्या पात्यांकडं बघत होती. एक, दोन, तीन. पंख्याला तीनच पाती असतात, हे तिला आत्ता पहिल्यांदा कळल्यासारखं झालं.

मग खोलीत आवाज भरला. घाईघाईचा, बारका, एका लयीतला.

"हे घ्या," बाई हसल्या. "छान ठोका आहे. दिवसच चुकले होते तुमचे."

ऋतुजा रडली. नर्सनं दिलेला कापूस तोंडावर धरून अगदी आवाज न करता रडली. आणि रडता रडता तिच्या ध्यानात आलं की ती ते ठोके मोजतेय, चार-चारच्या गटानं, आणि ते गटात बरोबर बसतायत.

परतीच्या वाटेत राजशेखरला दम निघाला नाही. औशाला पेढे घेतले आणि शिवूच्या तोंडात एक कोंबून म्हणाला, "शिवू, आईच्या पोटात बाळ हाय. तुला खेळायला." शिवूनं पेढा चघळत आईच्या पोटाकडं बघितलं. तिला नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. "हाव," ती म्हणाली.

घरी पोचले तेव्हा चार वाजले होते. पेढे मुंग्यांपासून उंचावर ठेवावेत म्हणून ऋतुजानं डाळीचा डबा सरकवला, आणि तिची बोटं फडक्याला लागली.

तिनं फडकं ओढून काढलं. उलगडलं.

नळी होती. दोन्ही टोकांना नट. ठेवली होती तशीच.

"अहो," ती म्हणाली. "नळी इथंच हाय."

"दुसरी बसवली असंल," राजशेखर म्हणाला. पण पेढ्याचा हात त्याचा तोंडाशी थांबला होता.

नजीरभाईचं गॅरेज दोन गल्ल्या पलीकडं. ते गेले. गाडी अजून चालूच होती, राजशेखरनं ती दारात आल्यापासून बंदच केली नव्हती. नजीर चहा पीत बसला होता. लांबूनच आवाज ऐकून तो उभा राहिला, आणि त्याचा चेहरा खुलला.

"अरे वा! कुणाकडून करून आणली? नांदेडच्या माणसानं तर माझा फोनच उचलेना."

ऋतुजानं फडक्यातली नळी पुढं केली.

नजीरनं ती बघितली. मग बोनट उघडलं.

पंपाचं चौथं तोंड टाकीकडं वळवलेलं होतं, त्यानं वळवलं होतं तसंच. चौथ्या नोझलच्या तोंडावर चिंधी होती. चिंधीवर लाल दोरा, आणि दोऱ्याला नजीरची ती दुहेरी गाठ, धूळ बसलेली.

इंजिन चालू होतं. टक, टक, टक, टक.

"कुणी हात लावला?" नजीरनं विचारलं.

त्यानं पाना घेतला. पहिला नट सैल केला, इंजिन अडखळलं. आवळला. दुसरा. तिसरा. चौथ्यापाशी त्याचा पाना थांबला. तिथं सैल करायला काही नव्हतंच.

"डिझेलचा थेंब जात न्हाई इथं," तो स्वतःशीच म्हणाला. "थेंब जात न्हाई."

मग त्यानं शिवूच्या गळ्यातली पाण्याची बाटली मागितली. टोपणात पाणी घेतलं. लातूरहून आलेली गाडी, पावणेदोन तास चाललेलं इंजिन. बिडाचा तो नळ एकसंध ओतलेला, इतक्या वेळात धग चारही फाट्यांत पसरायलाच हवी.

चर्र.

चर्र.

चर्र.

चौथ्या फाट्यावर पाणी पडलं आणि तसंच राहिलं.

नजीरनं हात पुढं केला. ऋतुजाला वाटलं, भाजेल याला. त्यानं बोट टेकवलं, मग पंजा टेकवला, आणि तो तसाच ठेवून तो उभा राहिला.

"माठासारखं गार हाय," तो म्हणाला. खालच्या आवाजात काहीतरी पुटपुटत त्यानं हात पायजम्याला पुसला.

थेंब ठोक्याबरोबर थरथरत होता. प्रत्येक चौथ्या ठोक्याला.

"बंद कर राजशेखर," नजीर म्हणाला. "गाडी बंद कर. आत काय चालतंय ते उघडून बघतो."

राजशेखर दाराकडं वळला. त्याचा हात किल्लीपाशी पोचला.

"नको!"

ऋतुजा ओरडली होती. दोन्ही पुरुष तिच्याकडं बघायला लागले. तिचे हात आपोआप पोटावर आले होते.

"नको," ती पुन्हा म्हणाली, हळू. "आत्ता बंद करू नका."

"का गं?"

राजशेखर किल्लीवर हात ठेवून तसाच थांबला. नजीरनं पाना खाली ठेवला. त्या पान्याचाही आवाज झाला नाही, इतकं हळू ठेवला. तिघंही ऐकत उभे राहिले.

टक, टक, टक, टक.

मधल्या वेळात शिवूनं टोपण पुन्हा भरून घेतलं होतं. ती आईजवळ आली. एका हातानं तिनं ऋतुजाची बोटं बाजूला केली, दुसऱ्या हातानं पदर सारला आणि पाण्यात बुडवलेलं बोट आईच्या पोटावर टेकवलं, तव्यावर थेंब टाकायची तसं, बेतानं.

मग तिनं पंजा टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला, नजीरमामूनं ठेवला होता तसा.

आणि मान वर करून तिनं विचारलं, "आई, बाळ चालू हाय, मग गरम का न्हाई?"